कोमीसाचा कोट

ओदील डेस्वार्तला आमच्या गावात लहानथोर सगळे ‘खिसेवाला’ म्हणायचे. म्हातारा कधी बघावा तेव्हा दोन्ही हात विजारीच्या खिशात. चर्चमध्ये टोपी काढायची वेळ आली की खांद्याला घासून घासून पाडायचा, आणि शेजारचं कुणीतरी वाकून उचलून द्यायचं. गुत्त्यातली पोरं टर उडवायची, “काय ओदीलबाबा, खिशात अंडी उबवायला ठेवलीत की काय?” तो हसायचा, पण हात काही बाहेर यायचे नाहीत. तसा माणूस कामाचा होता. बीट उपटायला, कुदळ मारायला हात बाहेर यायचे. समोर माणूस आलं, त्यातून लेकरू आलं, की लगेच आत जायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे. लोकांना काय, काहीही वाटतं.

मूळचा तो विणकर. बापाचा हातमाग होता घरात. गिरण्या आल्या आणि मागाला कुणी विचारेना. बायको इर्मा छातीच्या दुखण्याने गेली तेव्हा पोर तीन वर्षांची होती, सिडोनी नाव तिचं. उन्हाळ्यात मळ्यांवर तोडणी असायची, शरदात बीट असायचं. पण डिसेंबर ते मार्च आमच्याकडे जमीन दगड होते, आणि दगडात कोण कुणाला काम देणार? चार हिवाळे त्याने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. पाचव्या हिवाळ्यात पोर सात वर्षांची झाली होती, आणि तिच्या मनगटाची हाडं नुसती बघून मोजता यायची. तेव्हा तो हेक्टोर क्लेसकडे गेला.

हेक्टोरचं कोठार हद्दीच्या पलीकडे, आमच्या गावापासून पायी अर्ध्या तासावर. हद्द दोन देशांची, पण म्हणजे काय, तर एक ओढा आणि दलदलीचं गवताळ रान. ओढ्यापलीकडे तंबाखू मातीमोल, अलीकडे सरकारी मक्ता, त्यामुळे भाव गगनाला. मग रान ओलांडून तंबाखू आणणं हा निम्म्या गावाचा धंदा होता, त्याची कुणाला लाज नव्हती. माणूस आणायला गेला की कोमीस पकडायचा. कोमीस म्हणजे जकातीचा शिपाई. पण कुत्र्याला कोण पकडणार? अलीकडच्या घरचं कुत्रं दोरीने पलीकडे न्यायचं, पाठीवर तंबाखूचा पट्टा आवळायचा आणि सोडून द्यायचं. ते घरच्या ओढीने सुसाट परत येतं. फक्त वाटेत कोमीस दिसला की शेपूट हलवत त्याच्याकडे जाता कामा नये. गेलं की संपलं. कोमीस गोळी घालायचा आणि पुढचा डावा पंजा कापून ठाण्यावर न्यायचा. पंजामागे त्याला बक्षीस असायचं.

“कुत्र्याला शिकवायचं नसतं, ओदील,” हेक्टोर म्हणाला. जाडजूड माणूस, पण आवाज बारीक. “दोन दारं करायची. एका दारात मार, दुसऱ्या दारात लापशी. मधली वाट ते आपली आपण शोधतं. लापशीचं दार म्हणजे त्यांची घरं. मला माराच्या दाराला माणूस हवाय. आधीच्याला घोड्याने लाथ मारली.”

“मला कुत्री आवडतात, मालक.”

“मग उत्तमच की! ज्याला आवडत नाहीत तो जीवच घेतो. मला कुत्रं जिवंत हवं, नुसतं घाबरलेलं हवं.”

खुंटीवर कोमीसाचा कोट होता. खराखुरा, पितळी बटणांचा, कुणा मेलेल्या शिपायाच्या विधवेकडून घेतलेला. कोटाचे नियम होते आणि हेक्टोर त्यात सुईइतकी ढिलाई चालू देत नसे. कोट धुवायचा नाही. कोट कोठाराबाहेर न्यायचा नाही. कोटाबरोबर खिळ्यांचे चामडी बूट घालायचे, गावातले लाकडी जोडे नाहीत, कारण कोमीस लाकडी जोडे घालत नाही. कुत्रं समोर असेतो टोपी काढायची नाही. आणि कोटात असताना तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. कुत्र्याने कोट शिकायचा, कोटातला माणूस नाही.

दोन दिवस उपाशी ठेवलेलं कुत्रं खांबाला बांधलेलं असायचं. कोट आत यायचा, काठी पडायची. मग दार उघडायचं, दोरी कापायची आणि कुत्रं घराकडे. पाच-सहा आठवड्यांत ते इतकं तयार व्हायचं, की वाऱ्यावर नुसता कोटाचा वास आला तरी भुंकणं बंद, पोट जमिनीला, आणि लांबून वळसा. मजुरी म्हणून पीठ, कॉफी, डुकराची चरबी मिळायची. शिवाय काठी खाली ठेवली रे ठेवली की हेक्टोर पत्र्याच्या पेल्यात जिन ओतून हातात द्यायचा. “घे, गिळ. विसरशील.”

पहिल्या दिवशी ओदीलने कोठारामागे जाऊन सगळं ओकून टाकलं. दहाव्या दिवशी नाही ओकला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं, की कोट अंगावर चढवताना त्या कुबट लोकरीचा वास नाकात गेला, की तोंडाला पाणी सुटतं. जीभ आधीच जिनची वाट बघायला लागलेली असते. त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण काम सोडलं नाही. घरात पीठ होतं, पोरीच्या गालावर रंग चढला होता.

घरी एक कुत्रं होतं. सिडोनीनेच रस्त्यावरून उचलून आणलेलं. चिमणीसारखं तपकिरी, म्हणून तिने नाव ठेवलं मुस, आमच्या बोलीत चिमणीला मुस म्हणतात. दिवसभर पोरगी आणि मुस, मुस आणि पोरगी. त्याची लापशी झाली की ती लाकडी चमच्याने पातेल्यावर ठोकायची आणि मुस असेल तिथून धावत यायचा. एकदा ओदीलच्या मागोमाग तो ओढ्यापर्यंत आला आणि हेक्टोरने त्याला पाहिलं.

“हा कुणाचा?”

“पोरीचा.”

“पाय बघ त्याचे! आजवर इतकी कुत्री आणलीस आणि हा घरात लपवून ठेवलास होय रे?”

“मालक, हा नको. पाया पडतो. पोरीचा जीव आहे त्याच्यावर.”

“नको तर नको,” हेक्टोर गोड आवाजात म्हणाला. “उद्यापासून तूही नको.”

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. ओदील त्या रात्री पिठाच्या डब्यासमोर नुसता बसून राहिला. सकाळी त्याने पोरीला सांगितलं, मालकाला कोठाराची राखण करायला कुत्रं हवंय, मुसला नेतो, काम झालं की तो आपला आपण घरी येईल. आणि वाटेवर स्वतःला सांगत राहिला, की कुत्र्याला काय कळणार, आपण बोलणार नाही, टोपी काढणार नाही, ते कोट शिकेल, आपल्याला नाही शिकणार. रडत रडत सांगत राहिला, पण गेला.

आणि खरंच तसंच झालं, हे त्यातलं दुर्दैव. कोटातल्या ओदीलने मुसला बदडलं. मुस जिवाच्या आकांताने घरी पळाला. अर्ध्या तासाने विनाकोटाचा ओदील घरात शिरला, तर मुस शेपूट हलवत आला आणि त्याच्या लाकडी जोड्यांवर डोकं ठेवून झोपला. ओदीलला हायसं वाटलं. हलकट आहे मी, असंही वाटलं, पण हायसं आधी वाटलं.

“बाबा, याच्या पाठीवर वळ आहेत,” सिडोनी म्हणाली.

“असतील.”

“कोणी मारलं?”

ओदीलच्या तोंडून निघून गेलं, “कोमीसाने. वाटेत गाठलं असेल.”

पोरीने वळांवर चरबी चोळली. मग पातेल्यावर चमचा ठोकला आणि ताकातली गरम लापशी त्याला घातली. रोज तेच व्हायला लागलं. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना घरातलं लेकरू म्हणतं आणि घरधनी शेवटी आमेन म्हणतो, त्याशिवाय चमचा उचलायचा नाही. सिडोनी मेलेल्या आईसाठी म्हणायची, शेजारच्या झुल्मा मावशीसाठी म्हणायची, बाबांसाठी म्हणायची. मुसच्या पाठीवर वळ दिसायला लागल्यापासून तिने स्वतःची एक ओळ जोडली.

“आणि देवा, त्या कोमीसाचे हात गळून पडू देत.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओदील आमेन म्हणायचाच राहिला.

“बाबा, आमेन म्हणा ना. लापशी गार होते.”

“आमेन,” ओदील म्हणाला.

पाच आठवडे, दररोज संध्याकाळी, आपले हात गळून पडावेत म्हणून पोरगी प्रार्थना करतेय आणि हा बाप त्यावर आमेन म्हणतोय. आता बोला! कुणाला सांगणार हे? पाद्र्याला सांगायची सोय नव्हती, पाद्र्याच्या तपकिरीचा तंबाखूसुद्धा हेक्टोरकडूनच यायचा.

मग तो दिवस आला. फेब्रुवारीचा, दुपारी दोनलाच धुकं इतकं उतरलेलं की स्वतःचे जोडे दिसत नव्हते. मुसची शिकवणी पुरी होत आली होती, त्या दिवशी पहिल्यांदा पाठीवर खराखुरा माल बांधून सोडायचा होता. ओदीलने कोट चढवला. तोंडाला पाणी सुटलं. काठी उचलली. मुसने पहिल्या दिवशी गुरगुरून पाहिलं होतं, नंतर नंतर केविलवाणा आवाज काढायचा. आता कोट आत आला की मान खाली घालून नुसता थरथरत उभा राहायचा, तोंडातून हूं की चूं नाही. हेक्टोर खूश झाला. “बघ, बघ! मुका झाला. तयार झाला!” दार उघडलं, दोरी कापली आणि मुस धुक्यात नाहीसा झाला. ओदीलने घामाने भिजलेली टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पेल्यासाठी हात पुढे केला.

पेला ओठाला लागायच्या आत दारातून कुणीतरी किंचाळलं. झुल्मा मावशी होती, धापा टाकत आलेली.

“अगं बाई, कोमीस!” म्हणून तिने छातीवर क्रूस काढला, आणि मग डोळे बारीक करून पाहिलं. “मेल्या, तू आहेस होय! ओदील, पोर इकडे आलीय का तुझी?”

“कोण, सिडोनी? ती कशाला येईल इकडे?”

“अरे, दुपारी माझ्याकडून पाव मागून घेऊन गेली, बाबांना देते म्हणून. म्हणाली, मीच मुसला दोरीला धरून घरी आणते. माझ्यासमोर कोमीस त्याला मारणार नाही, म्हणाली. मला वाटलं बडबडतेय. हे धुकं उतरलं आणि मी तशीच निघाले. वाटेत कुठे दिसली नाही रे!”

ओदील पुढच्या दाराने बाहेर धावला, कोठाराला वळसा घालून मागे गेला. मागच्या फळ्यांच्या भिंतीला लागून फडक्यात बांधलेला पाव पडला होता, चरबी लावलेला. वर दोन फळ्यांमध्ये फट होती, सात वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर. ओदीलने खाली बसून त्या फटीला डोळा लावला. खांब दिसला, कापलेली दोरी दिसली. आणि तो जिथे टोपी काढून घाम पुसत उभा होता ती जागा नीट समोर दिसली.

“सिडोनी!” तो ओरडला आणि धुक्यात घुसला.

ते रान आमच्या माणसांनाही दिवसाउजेडी फसवतं. जागोजागी चर खणलेले, वर बर्फाचा पापुद्रा, खाली कमरेएवढं पाणी. सात वर्षांच्या पोरीच्या गळ्याएवढं. ओदील धावत होता, पडत होता, हाका मारत होता. उत्तर नाही. त्याला वाटायला लागलं, आता एकेक क्षण जातोय तो तिच्या अंगातल्या उबेतून जातोय.

आणि डावीकडून भुंकणं ऐकू आलं. मुस! वाटेत त्याला पोरीचा वास लागला असणार. एका जागी उभा राहून भुंकत होता, कुणाला तरी ऊठ ऊठ म्हणावं तसं. ओदील त्या रोखाने धावला. जवळ आला, आता वीस पावलं, आता दहा, आणि भुंकणं थांबलं. गवतात काहीतरी सरपटत गेलं. मग नुसती शांतता.

“सिडोनी! बाळा, ओ दे!”

काही नाही. तो वेड्यासारखा गोल गोल फिरला, दोनदा चरात पडला. मग कुठूनतरी लांबून परत भुंकणं. परत धावला. परत जवळ जाताच सगळं मुकं. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा तो मटकन खाली बसला आणि त्याचं त्यालाच दिसलं, अंगात कोट होता. पायात खिळ्यांचे बूट होते. त्यानेच पाच आठवडे घाम गाळून त्या कुत्र्याला शिकवलं होतं, की हा वास आला की आवाज बंद कर आणि दूर जा. इतकं छान शिकवलं होतं! आणि पोरगी? तिलाही कळलं होतं की कोटात कोण आहे. तीही कुठेतरी तोंड दाबून पडली असेल, बाप जवळ आला म्हणून.

“देवा,” तो मोठ्याने रडला, “हात घे रे माझे, दोन्ही घे, पण पोर दे!”

त्याने कोट ओरबाडून काढला, बूट काढले, लांब भिरकावले. शर्टावर, अनवाणी, त्या बर्फात उलट्या दिशेने धावत सुटला, वाऱ्यावरून वास तुटेपर्यंत. मग उभा राहून हाका मारल्या. “मुस! ये मुस!” पण तयार झालेलं कुत्रं हाकेला येत नाही, वाटेत कोमीसही हाका मारतातच. तेव्हा त्याला जाणवलं की मुठीत काहीतरी आहे. जिनचा पेला. धावताना कधीच सांडून गेलेला, तो पत्रा मुठीत तसाच राहिला होता. दुसऱ्या हाताने त्याने खिशातला चाकू काढला आणि पेल्यावर ठोकायला लागला.

ठक ठक ठक ठक. काही झालं नाही.

पोरगी कशी ठोकते? रोज ऐकलं होतं, पण लक्ष देऊन कधी ऐकलंय? त्याने डोळे मिटले. चूल आठवली, पातेलं आठवलं, ती स्टुलावर उभी राहायची ते आठवलं. तीन ठोके. मग ती चमच्याला चिकटलेली लापशी चाटायची. मग एक.

ठक ठक ठक. तो थांबला, ती चाटायची तेवढा वेळ. ठक.

धुकं तसंच होतं. त्याने परत ठोकलं, परत ठोकलं, बोटं सुन्न होईपर्यंत ठोकलं. आणि गवत हललं. मुस आला. पोटावर सरपटत, कान पाडून, पाठीवर तंबाखू तसाच. दहा पावलांवर थांबला आणि वळून बघत परत निघाला. ओदील ठोकत ठोकत त्याच्या मागे गेला, ठोकणं थांबलं की कुत्रं नाहीसं होईल ही एकच भीती.

सिडोनी चराच्या कडेला होती. गुडघ्यांपर्यंत पाण्यात, एक लाकडी जोडा पाण्यावर तरंगत होता, ओठ निळे. डोळे उघडे होते. जिवंत होती! ओदीलने गुडघे टेकले आणि तिला उचलायला हात पुढे केला.

तिने कोपर वर करून चेहरा झाकला. मान खाली घातली. तोंडातून हूं की चूं नाही.

त्याने तिला तशीच उचलली. घरापर्यंत ती त्याच्या हातांत लाकडासारखी ताठ होती, आणि मुस बाजूने लंगडत चालत होता.

नऊ दिवस ताप होता. झुल्मा मावशी उशाशी बसून होती, डॉक्टर आला, पाद्री येऊन गेला. दहाव्या दिवशी पोरीने लापशी मागितली. बाराव्या दिवशी संध्याकाळी टेबलाशी बसून तिने प्रार्थना म्हटली. आईसाठी म्हटली, झुल्मा मावशीसाठी म्हटली, बाबांसाठीसुद्धा म्हटली. मग ती जिथे कोमीसाची ओळ यायची तिथे आली आणि थांबली. ओदील खाली बघत बसला होता. ती ओळ तिने म्हटली नाही. परत कधीच म्हटली नाही.

“आमेन,” ओदील म्हणाला. त्याला वाटलं, म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कोट त्याने रानात शोधून काढला आणि जाळला. जळक्या लोकरीचा वास आला आणि मेलं, तरीही तोंडाला पाणी सुटलं! हेक्टोर चिडला, मग हसला, “कुत्री बदडणारा हळवा झाला म्हणे!” ओदीलने वीटभट्टीवर माती तुडवायचं काम धरलं. अर्ध्या पोटाने राहिले, पण राहिले.

कुत्र्याचं महिन्याभरात निस्तरलं. कोट गेला, कोटाची भीती कुठे बसायला जागा राहिली नाही. मुस ओदीलच्या हातातून खायचा, त्याच्या मांडीवर डोकं टाकायचा. पण पोरगी कोट शिकलीच नव्हती. तिने टोपी काढलेली पाहिली होती. तिने हात शिकला होता, आणि हात जाळता येत नाही.

ती रागावलेली नव्हती हो, तेच तर कठीण होतं. बोलायची, हसायची, त्याचे मोजे विणायची. पण त्याने फडताळावरचं मीठ काढायला हात वर केला, की कोपर वर. माशी हाकलली, कोपर वर. तिलाच कळायचं नाही, मग शरमायची. “काही नाही बाबा, असंच.” एकदा ओदील लाज सोडून हेक्टोरकडे गेला.

“मालक, एखादं कुत्रं जे शिकलंय, ते त्याच्याकडून पुसायचं कसं?”

हेक्टोर विचारात पडला. “पुसायचं कशाला? आजवर कुणी विचारलं नाही बुवा.”

मग ओदीलने आपल्याला जे येत होतं तेच केलं. दुसरं दार उघडलं. रोज प्रार्थनेनंतर खडीसाखरेचा एक खडा तळहातावर ठेवायचा, हात टेबलाखाली, अगदी खाली, उघडा, आणि हलवायचा नाही. ती येऊन घ्यायची. आधी लांबून, झटकन. वर्षभराने सावकाश. तिसऱ्या वर्षी तिने खडा घेऊन त्याच्या तळहातावर एक टिचकी मारली, तेव्हा तो माणूस वीटभट्टीपर्यंत गात गेला. आठवडाभर कोपर वर आलं नाही. आठव्या दिवशी जेवताना तिच्या केसांत कोंबडीचं पीस अडकलेलं दिसलं, त्याने सहज काढायला हात नेला, आणि तिच्या हातातली थाळी खाली पडून फुटली. परत पहिल्यापासून सुरुवात. असं किती वेळा झालं, दहा वर्षं म्हणजे थोडी नाहीत. कुत्रं त्याने पाच आठवड्यांत तयार केलं होतं.

सतरा वर्षांची झाल्यावर सिडोनी शहरातल्या सूतगिरणीत कामाला निघाली. सकाळी गाडीवाला दारात आला. मुस तोवर म्हातारा होऊन मेला होता. झुल्मा मावशी रुमालाने डोळे पुसत उभी होती. ओदीलने गाठोडं गाडीत ठेवलं आणि तळहात पुढे केला, खाली, उघडा, वर खडीसाखर.

“बाबा, मी काय आता लहान आहे?” ती हसली. पण खडा घेतला, तोंडात टाकला, आणि त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. चांगला धरला, घट्ट. एवढं कधी झालं नव्हतं.

गाडी हलली. ती मागे तोंड करून गाठोड्यावर बसली होती, हसत होती, साखरेने गाल फुगलेला. गाडी पॉपलरच्या झाडापर्यंत गेली. आनंदाच्या भरात, काही मनात न येता, ओदीलने निरोपाचा हात वर केला.

तिचं कोपर वर गेलं आणि चेहरा झाकला गेला.

“बघ रे बघ, कशी रडतेय पोर,” झुल्मा मावशी म्हणाली. “बापावर माया आहे हो तिची.”

ओदीलने हात खाली घेतला. खिशात घातला. दुसराही घातला. गाडीवर तिने कोपर काढलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनेच हात हलवला, एकदा, दोनदा, वळणापर्यंत हलवत राहिली.

“अरे, असा काय दगडासारखा उभा राहिलास?” झुल्मा मावशी त्याच्यावर डाफरली. “हात कर की तिला!”

त्याने केला नाही.